हंटर रंगवताना: आधी रसायन, मग छटा

प्लॅस्टिकची विमाने जोडण्याच्या छंदात नव्याने आलेली मंडळी बहुधा एकाच प्रश्नाने सुरुवात करतात: भारतीय हवाई दलाच्या हंटर या लढाऊ विमानाचा हिरवा नेमका कोणता? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. मात्र खरेदीच्या वेळी हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला, तर पुढचे सगळे निर्णय उलट्या क्रमाने घ्यावे लागतात. माझे मत असे आहे की, आधी रंगाचे रसायन ठरवावे, मग त्याला लागणारा थिनर आपल्या गावात मिळतो का ते पाहावे, आपल्याकडच्या हवेत तो रंग कसा वागेल याचा अंदाज घ्यावा आणि छटेकडे त्यानंतर वळावे. छटा थोडी चुकली तर दोन थेंब दुसऱ्या रंगाचे घालून सावरता येते. खालच्या थराशी न जुळणारा वरचा थर सुरकुतला, तर तो खरवडून काढण्याखेरीज मार्ग उरत नाही.

हंटरचेच उदाहरण घेतो, कारण ते माझे आवडते विमान आहे आणि त्याच्या रंगसंगतीत या छंदातले बहुतेक प्रश्न एकत्र येतात. हॉकर कंपनीचे हे ब्रिटिश विमान भारताने १९५७ पासून घेतले आणि त्याच्या भारतीय आवृत्तीला एफ-५६ असे नाव होते. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत ते लढले; डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाला येथे पाकिस्तानी रणगाड्यांची वाताहत केली ती जैसलमेरहून उडालेल्या हंटरांनीच. ही विमाने आली तेव्हा त्यांच्या अंगावर ब्रिटिश हवाई दलाचीच रंगसंगती होती: वरून गडद हिरवा आणि गडद समुद्री राखाडी यांचे मोठे, वळणदार पट्टे आणि पोटाला रुपेरी रंग. हे दोन वरचे रंग बीएस ३८१सी या ब्रिटिश मानकात अनुक्रमे ६४१ आणि ६३८ या क्रमांकांनी नोंदलेले आहेत. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. बाकीचा लेख त्यानंतरच्या गोष्टींबद्दल आहे.

मॉडेलसाठी मिळणारे रंग ढोबळमानाने तीन कुळांतले असतात. पहिले कूळ एनॅमलचे. हंब्रॉलचे छोटे गोल डबे हे त्याचे सर्वांत ओळखीचे रूप असून आमच्या पिढीतल्या अनेकांनी पहिले विमान त्यानेच रंगवले आहे. एनॅमल तेलकट असतो, सावकाश वाळतो, ब्रशच्या खुणा स्वतःच मिटवतो आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ होतो. दुसरे कूळ लॅकरचे: जपानी मिस्टर कलर, स्लोव्हाकियाचा एमआरपी किंवा धातूच्या रंगांसाठी प्रसिद्ध असलेला अल्क्लॅड. यांतले द्रावक तीव्र असते, थर अत्यंत पातळ बसतो, काही मिनिटांत वाळतो आणि प्लॅस्टिकला घट्ट धरून राहतो. मात्र वास उग्र असतो आणि तो घरभर पसरतो. तिसरे कूळ ॲक्रिलिकचे म्हटले जाते, आणि खरा घोटाळा इथेच आहे, कारण या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

तामियाचे एक्स आणि एक्सएफ मालिकेतले रंग, तसेच मिस्टर हॉबीची एच-मालिका, हे ॲक्रिलिक असले तरी त्यांचा जीव अल्कोहोलच्या जातीच्या द्रावकात असतो. ओले असताना ते पाण्याने धुतले जातात म्हणून लोक त्यांना पाण्याचे रंग समजतात, पण पाण्याने पातळ केल्यास ते प्लॅस्टिकवर नीट पसरत नाहीत. याउलट स्पेनच्या व्हालेहोचे मॉडेल कलर खरोखरच पाण्यावर आधारलेले आहेत: पाण्यात तरंगणारे रेझिनचे सूक्ष्म कण पाणी उडाल्यावर एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा बनतो. त्यामुळे तामियाच्या सवयीने कुणी व्हालेहोच्या रंगात आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतले, की एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाच्या) कपातला रंग फाटलेल्या दुधासारखा होतो आणि गाठी थेट नोझलमध्ये जाऊन बसतात. मग सुई काढा, नोझल काढा, बारीक ब्रशने आतून साफ करा आणि संध्याकाळ त्यातच घालवा. बाटलीवर 'ॲक्रिलिक' असे लिहिले आहे एवढ्यावर विसंबून थिनर निवडू नये, एवढे एक पथ्य नव्या माणसाने पाळले तरी त्याचा बराच मनस्ताप वाचेल.

थिनरच्या बाबतीत आपल्याकडची परिस्थिती परदेशी पुस्तकांत वर्णन केलेली नसते. कंपनीचा स्वतःचा थिनर सर्वोत्तम, यात शंका नाही. तामियाचा एक्स-२०ए किंवा मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर एकदा वापरला की फरक समजतो. परंतु ज्वालाग्राही द्रवपदार्थ विमानाच्या टपालाने पाठवता येत नाहीत, त्यामुळे रंग एकवेळ येतो, पण थिनर अडकतो किंवा जमिनीवरच्या मार्गाने सावकाश येतो. अशा वेळी गल्लीतले हार्डवेअरचे दुकान कामी येते. तिथे मिळणारे टर्पेंटाइन एनॅमलसाठी आणि ऑइल कलरच्या वॉशसाठी (रेषांत भरायच्या अतिपातळ रंगासाठी) पुरेसे चांगले असते. फक्त ते पारदर्शक असावे आणि कागदावर एक थेंब टाकून वाळू दिल्यावर तेलकट डाग राहू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिकलच्या दुकानात मिळते आणि तामियाच्या रंगांना बऱ्यापैकी चालते, जरी त्याने रंग अंमळ लवकर वाळत असला तरी. फर्निचरच्या पॉलिशसाठी विकला जाणारा एनसी थिनर मात्र रंगात कधीही मिसळू नये. त्याने पॉलिस्टायरीन विरघळते आणि पंखावरच्या नाजूक रेषा क्षणात बुजतात. एअरब्रश धुण्यासाठी तो स्वस्त आणि उत्तम आहे, पण बाटलीवर मोठ्या अक्षरांत तसे लिहून ठेवावे. व्हालेहो पातळ करायला किंवा डिकल (विमानावर चिकटवायची छापील चिन्हे) भिजवायला मी नळाचे पाणी वापरत नाही, कारण त्यातले क्षार वाळल्यावर पांढरट कड सोडतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी कुठल्याही गॅरेजजवळ मिळते.

आता हवेबद्दल. मी डोंबिवलीत राहतो आणि जून ते सप्टेंबर या काळात आमच्याकडची हवा ओल्या फडक्यातून गाळलेली असते, असे म्हणायला हरकत नाही. लॅकर आणि चकचकीत वार्निश यांचे द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्या थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ साकळते आणि ओल्या थरात अडकून दुधाळ ढग तयार होतो. मॅट वार्निशच्या बाबतीत हेच घडले की गडद हिरव्यावर पांढरी भुकटी शिंपडल्यासारखे दिसते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या ओलावा शोषणाऱ्या काचेच्या भांड्यात पाणी साठलेले डोळ्यांना दिसते. ते वेळोवेळी सोडले नाही, तर एखादा थेंब रंगाबरोबर नेमका नाकाच्या शेंड्यावर येऊन पडतो. माझ्याकडे भिंतीवर एक साधे आर्द्रतामापक आहे आणि त्याचा आकडा ७५ टक्क्यांच्या वर असेल, तर मी त्या दिवशी वार्निशची बाटली उघडत नाही. रंगकाम करायचेच असेल, तर सावकाश उडणारा थिनर वापरतो किंवा खोलीत तासभर वातानुकूलन यंत्र चालवून मग बसतो.

नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मे महिन्यात अडचण नेमकी उलट असते. चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत ॲक्रिलिकचा फवारा प्लॅस्टिकवर पोहोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो आणि एअरब्रशच्या सुईच्या टोकावर रंगाचा खडा जमतो. यावर तीन उपाय आहेत: रंगात रिटार्डरचे (वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब घालावेत, फवारण्याचे अंतर कमी करावे आणि काम सकाळी उरकावे. म्हणूनच 'सर्वांत चांगला रंग कोणता' या प्रश्नाचे उत्तर रत्नागिरीत आणि चंद्रपुरात एकच असू शकत नाही. दमट किनारपट्टीवर राहणाऱ्या आणि फक्त एअरब्रश वापरणाऱ्या माणसाला मी तामिया किंवा मिस्टर हॉबीची एच-मालिका सुचवेन. ब्रशनेच रंगवणार असाल आणि वाट पाहण्याची तयारी असेल, तर हंब्रॉलचा एनॅमल आजही कुणाला हार जाणार नाही. घरात लहान मूल असेल आणि स्वतंत्र खोली नसेल, तर व्हालेहो घ्यावा आणि त्याचे नखरे सहन करावेत.

मूल असो वा नसो, खिडकी उघडी असायलाच हवी आणि बाहेर हवा फेकणारा पंखाही असावा. साधा धूळरोधक मास्क रंगाचे कण अडवतो पण द्रावकाची वाफ अडवत नाही; त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारी कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. आपल्या घरांतली एक गोष्ट परदेशी सूचनापत्रांत येत नाही, ती म्हणजे देवघर. शेजारच्या खोलीत समई तेवत असताना किंवा स्वयंपाकघरात गॅस चालू असताना लॅकर फवारू नये, आणि संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी कुणी हटकले तर त्याचा राग मानू नये.

छटेकडे आता निश्चिंतपणे वळता येईल. मिस्टर हॉबीच्या एच-३३० आणि एच-३३१ या बाटल्या बीएस ३८१सी मधल्या ६४१ आणि ६३८ साठीच बनवलेल्या आहेत. लॅकर हवे असल्यास मिस्टर कलरमध्ये तेच क्रमांक सी या अक्षराने मिळतात. हंब्रॉलमध्ये १६३ आणि १६४ हे डबे याच जोडीचे आहेत. तामियाने दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांसाठी काढलेला एक्सएफ-८१ हाही हिरव्यासाठी चालतो. एका कंपनीचा हिरवा आणि दुसऱ्या कंपनीचा राखाडी घेतला तर चालेल का, असे विचारले जाते. चालेल, पण मी दोन्ही एकाच मालिकेतले घेतो, कारण हंटरवर हे दोन रंग शेजारी शेजारी असतात आणि डोळ्याला त्यांची सुटी छटा दिसत नाही, त्यांच्यातला फरक दिसतो. हिरवा किंचित उबदार आणि राखाडी किंचित निळसर असला, तरी दोहोंचा गडदपणा जवळजवळ सारखा असतो. हा तोल साधला नाही, म्हणजे राखाडी फार फिका झाला, तर विमान ताबडतोब परके वाटू लागते.

जुन्या रंगीत छायाचित्रांवरून छटा ठरवण्याचा मोह आवरावा. त्या काळच्या फिल्मचे रंग काळाबरोबर बदललेले असतात, छपाईत आणखी बदलतात आणि आपल्या मोबाइलच्या पडद्यावर तिसऱ्यांदा बदलतात. छायाचित्रांतून शिकायचे ते दुसरेच: पट्ट्यांच्या वळणांच्या जागा, पंखाच्या कडेला रंग कुठे संपतो, चमक किती आहे, पॅनेल कुठे झिजले आहेत. संग्रहालयातल्या विमानांबद्दलही तेच. दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात किंवा एखाद्या गावच्या चौकात चबुतऱ्यावर ठेवलेले विमान निवृत्तीनंतर पुन्हा पुन्हा रंगवलेले असते आणि रंगवणाऱ्याने हाती असलेला डबा उघडलेला असतो. त्याचा रंग मोजून आणण्यापेक्षा त्याची चाके, झाकणे आणि रिव्हेट डोळे भरून पाहावेत. चौकातल्या काही विमानांचा तुकतुकीत निळा पाहून तर वैमानिकांनाही हसू येत असेल.

मॉडेलच्या प्रमाणानुसार रंग फिका करावा, असा एक मतप्रवाह या छंदात फार जुना आहे. १/७२ प्रमाणाचे विमान आपण ३० सेंटीमीटरवरून पाहतो, म्हणजे खरे विमान साधारण २१ मीटरवरून पाहिल्यासारखे होते, आणि मधल्या हवेमुळे रंग फिके दिसायला हवेत, म्हणून रंगात १५ टक्के पांढरा मिसळावा, असे त्याचे गणित सांगितले जाते. मला हे गणित पटत नाही. २१ मीटर हवेने रंगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. लहान मॉडेलवर गडद रंग अधिक गडद दिसतात हे मात्र खरे. लहान पृष्ठभागावरून उजेड कमी परततो आणि घरातला दिवा उन्हाच्या तुलनेत अगदीच मंद असतो, हे माझ्या मते त्याचे कारण. त्यामुळे थोडे उजळ करावे, पण हिरव्यात नुसता पांढरा घातला की त्याला पुदिन्याची झाक येते. मी हिरव्यात किंचित पिवळसर मातकट रंग घालतो आणि राखाडीत फिकट राखाडी, तोही थेंबाथेंबाने, वाळलेला नमुना बाल्कनीतल्या उजेडात धरून. पिवळ्या बल्बखाली ठरवलेला हिरवा सकाळी हमखास वेगळा दिसतो, म्हणून टेबलावर दिवसाच्या उजेडासारखा पांढरा एलईडी दिवा असावा.

प्रमाणाचा विचार करायचाच असेल, तर तो थराच्या जाडीबाबत करावा, कारण तिथे तो निर्विवाद आहे. सगळे थर मिळून रंगाची जाडी ५० मायक्रॉन झाली, तर १/७२ मध्ये ती खऱ्या विमानावरच्या ३.६ मिलिमीटरच्या लेपाइतकी ठरते. ब्रशने घाईघाईत दिलेला जाड हात याच्या दुप्पट सहज भरतो, आणि मग संच बनवणाऱ्याने काळजीपूर्वक कोरलेल्या रेषा अर्ध्या भरून जातात. रंग पातळ करणे, अनेक पातळ थर देणे, प्रत्येक थराला वाळू देणे या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी हा साधा गुणाकार आहे.

प्रत्यक्ष कामाला लागू. जोडलेले विमान भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, वाळवून घ्यावे; साच्यातून सुटावे म्हणून वापरलेले तेल आणि आपल्या बोटांची चिकटी रंग धरू देत नाहीत. त्यानंतर प्रायमर. मी मिस्टर सरफेसर १२०० पातळ करून फवारतो. राखाडी प्रायमरचा एकसारखा थर बसला की जोडांतल्या फटी, पुट्टीचे ओरखडे, राहून गेलेले गोंदाचे ठसे सगळे उघडे पडतात, आणि ते त्याच वेळी घासून दुरुस्त करावेत. वरच्या रंगाने ते झाकले जातील ही आशा फोल असते.

हंटरचे पोट मी सर्वांत आधी रंगवतो. ते रुपेरी आहे, पण उघड्या धातूचे नाही. ॲल्युमिनियमचा रंग दिलेले आहे. त्यामुळे पॅनेलागणिक वेगळी चमक दाखवण्याचा खटाटोप इथे करू नये, एकसंध, किंचित राखाडी रुपेरी पुरतो. तामियाचा एक्सएफ-१६ किंवा मिस्टर कलरचा सी-८ यांनी काम भागते. रुपेरी रंगाचे चकाकते कण एअरब्रशच्या कपाच्या कडांना चिकटून राहतात आणि पुढच्या हिरव्यात तरंगू लागतात, म्हणून तो वापरल्यावर कप दोनदा धुवावा आणि शेवटी पांढऱ्या कागदावर फवारून पाहावे. पोट नीट वाळले, म्हणजे किमान एक रात्र गेली, की त्यावर मास्किंग टेप लावावी. टेप आधी तळहाताच्या मागच्या बाजूला चिकटवून तिचा डिंक थोडा मंद करून घ्यावा.

वरचा भाग संपूर्ण राखाडी रंगवून मग हिरवे पट्टे काढावेत. रंग किती पातळ असावा याला आकड्यात उत्तर देता येते, तामियाला साधारण एकास एक, मिस्टर कलरला एकास दीड ते दोन, पण खरा निवाडा कपाच्या भिंतीवर होतो: काडीने रंग भिंतीवर चढवावा आणि तो खाली उतरताना पाहावा. मागे अपारदर्शक जाड पट्टा राहिला तर रंग घट्ट आहे. भिंत लगेच स्वच्छ झाली तर तो फारच पातळ आहे. पारदर्शक झाक मागे ठेवून तो सावकाश उतरला, तर ०.३ मिलिमीटरच्या नोझलमधून आणि १५ पीएसआयच्या आसपासच्या दाबाने तो चांगला फवारला जातो. पहिला हात जवळजवळ कोरडा, धुक्यासारखा द्यावा. दुसऱ्या हाताच्या वेळी दिवा समोरून तिरका धरून ओली कड पुढे सरकताना पाहावी. चमक दिसते आहे पण रंग वाहत नाही, अशा वेगाने हात चालवावा. बटण दाबणे आणि सोडणे या दोन्ही क्रिया विमानाच्या बाहेर व्हाव्यात, नाहीतर पंखाच्या सुरुवातीला आणि शेवटी ठिपके जमतात.

हिरव्या आणि राखाडीच्या सीमेबद्दल बरीच चर्चा होते. खऱ्या विमानावर दोन रंग एकमेकांत मिसळण्याची कड ५ सेंटीमीटर रुंद असेल, तर १/७२ मध्ये ती ०.७ मिलिमीटरही भरत नाही. मोकळ्या हाताने फवारलेली कड याच्यापेक्षा बरीच रुंद होते आणि विमान धुरकट दिसते. मी ब्लू-टॅक या मळता येणाऱ्या चिकट पदार्थाच्या बारीक वळ्या वळून सीमेवर ठेवतो आणि एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरून फवारतो; वळीच्या गोलाईखाली रंगाचा जेमतेम धूसर किनारा उमटतो. वळी जाड असेल किंवा फवारा तिरपा पडला, तर किनारा एका बाजूला पसरतो. वळ्यांच्या मधली जागा टेपच्या तुकड्यांनी भरायला दोन तास लागतात आणि फवारायला दहा मिनिटे. हे प्रमाण बदलत नाही, त्यामुळे त्याची सवय करून घेतलेली बरी.

रंगवण्यापूर्वी पॅनेलच्या रेषांवर काळा फवारून, वरच्या पातळ रंगातून तो दिसू देण्याची एक प्रथा आहे. योग्य हातात ती सुंदर दिसते, पण सरसकट केल्याने प्रत्येक विमान बुद्धिबळाच्या पटासारखे झालेले मी पाहतो. हंटरच्या पंखांचा गुळगुळीतपणा हाच त्याच्या देखणेपणाचा मोठा भाग आहे. जीर्णपणा दाखवायचा असेल, तर तो कारणासह दाखवावा: नाकाच्या खालच्या चार ३० मिलिमीटर तोफांच्या तोंडाशी आणि मागे काजळीचा हलका ओघळ, वैमानिक चढतो त्या बाजूला झिजलेला रंग, राजस्थानच्या उन्हात फिकुटलेली पाठ. एवढे पुरे.

मिग-२१ रंगवणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण नाशिकजवळच्या ओझरला या विमानांची बांधणी झाल्याने आपल्याकडे त्याच्याबद्दल विशेष जिव्हाळा आहे. सुरुवातीची मिग-२१ एफएल विमाने उघड्या धातूच्या रूपात होती. इथे हंटरचा नियम उलटतो: धातू एकसंध नसतो, म्हणून अल्क्लॅडसारख्या लॅकरच्या दोन-तीन छटा पॅनेलांवर वापराव्यात आणि त्याखाली काचेसारखा गुळगुळीत चकचकीत काळा असावा, कारण काळ्यातला प्रत्येक खरखरीत कण धातूमधून दिसतो. १९७१ च्या सुमारास मात्र यांतल्या अनेक विमानांवर हिरवा मुलामा चढवला गेला आणि छायाचित्रांत त्याच्या ओबडधोबड कडा दिसतात. ब्रशने रंगवणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचा विषय नाही.

ब्रशबद्दल कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. मात्र रंगापेक्षा ब्रशवर पैसे खर्च करावेत. मऊ, सपाट, बोटाएवढ्या रुंदीचा सिंथेटिक ब्रश घ्यावा, रंग बाटलीतून थेट न घेता पॅलेटवर पातळ करावा, एका दिशेने पातळ हात द्यावा आणि तो वाळेपर्यंत त्याला हात लावू नये; दुसरा हात काटकोनात. तामियाचा रंग ब्रशला फारसा अनुकूल नाही, दुसऱ्या हाताचे द्रावक पहिल्याला उठवते. एनॅमल आणि व्हालेहो या कामाला चांगले. स्प्रे कॅन हा मधला मार्ग आहे, आणि एकरंगी विमानासाठी तो उत्तमही आहे, परंतु हंटरच्या वळणदार पट्ट्यांवर त्याचा फवारा फार दांडगा पडतो.

रंग वाळला की चकचकीत वार्निश, मग डिकल. मॅट पृष्ठभागाच्या खाचखळग्यांत हवा अडकली, की डिकलच्या पारदर्शक कडेखाली चंदेरी झाक येते आणि ती नंतर जात नाही. भारतीय चक्राच्या बाबतीत आणखी एक अडचण असते: केशरी, पांढरा आणि हिरवा या तिन्ही वर्तुळांमधला पांढरा पातळ छापलेला असला, तर गडद हिरव्या पंखावर तो राखाडी दिसू लागतो. डिकल लावण्यापूर्वी त्याचा एखादा नको असलेला तुकडा गडद रंगावर लावून पाहावा. पांढऱ्यातून खालचा रंग दिसत असेल, तर जागेवर पांढऱ्या रंगाचे वर्तुळ कापलेल्या टेपने आधी फवारून घ्यावे आणि त्यावर डिकल बसवावे; वर्तुळ डिकलपेक्षा केसभर लहान ठेवले की झाले. त्यावर डिकल मऊ करणारे मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर लावल्यावर डिकल सुरकुततो आणि पाहणाऱ्याचा जीव खाली-वर होतो, पण त्या वेळी बोट लावू नये. वाळताना तो आपोआप ताणला जाऊन रेषांत बसतो.

डिकलवर पुन्हा एक वार्निशचा हात देऊन मग रेषांमध्ये वॉश भरावा. बर्न्ट अंबरचा ऑइल कलर आणि थोडा काळा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून रेषेला ब्रशचे टोक टेकवले, की तो स्वतःहून धावत जातो. खालचा रंग आणि वार्निश ॲक्रिलिक किंवा लॅकर असेल, तर टर्पेंटाइन त्याला धक्का लावत नाही. खाली एनॅमल असेल, तर वॉशबरोबर रंगही पुसला जाण्याचा धोका असतो. सुरुवातीला रसायनावर एवढा भर दिला तो अशाच जागांसाठी. लॅकर खाली, ॲक्रिलिक मध्ये आणि एनॅमल किंवा तेल वर, हा क्रम सुरक्षित आहे. पूर्ण न मुरलेल्या एनॅमलवर लॅकर फवारला, तर थर सुरकुततो. एनॅमल हाताला कोरडा लागणे आणि आतपर्यंत मुरणे यांत काही दिवसांचे अंतर असते. नाकाजवळ धरल्यावर वास येत असेल, तर तो अजून मुरलेला नाही.

शेवटचा वार्निश मी हंटरसाठी अर्धचमकदार घेतो. त्या काळच्या छायाचित्रांत पंखांवर उजेडाची झळाळी स्पष्ट दिसते, पूर्ण मॅट केलेले विमान खडूने रंगवल्यासारखे वाटते, आणि पूर्ण चकचकीत केले तर या आकारात ते खेळण्याकडे झुकते. त्यानंतर पारदर्शक छतावरची टेप काढणे, टायर रंगवणे आणि पंखांच्या टोकांचे दिवे: आधी रुपेरी ठिपका, मग त्यावर डाव्या बाजूला तामियाचा पारदर्शक लाल एक्स-२७ आणि उजव्या बाजूला पारदर्शक हिरवा एक्स-२५.

उरलेल्या रंगाची काळजी त्याच संध्याकाळी घ्यावी. बाटलीच्या तोंडाच्या आट्यांवर रंग राहिला, तर झाकण असे चिकटते की पुढच्या वेळी पकड घेऊन बसावे लागते. म्हणून आटे थिनरच्या फडक्याने पुसावेत आणि मगच झाकण लावावे. कपात उरलेला पातळ रंग मूळ बाटलीत परत ओतू नये, त्याने सगळी बाटली बिघडते. त्यासाठी होमिओपॅथीच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या चांगल्या असतात. त्यांवर रंगाचे नाव, थिनर आणि मिसळलेल्या थेंबांचे प्रमाण लिहिलेली पट्टी लावावी, कारण महिन्याभराने शेपटीवर ओरखडा पडला, तर दुकानातली बाटली नव्हे, हे मिश्रणच लागते.